मधला गंधार

ब्लूज या अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या गाण्यातला गंधार कोमल की शुद्ध, याचं सरळ उत्तर देता येत नाही. गायक कोमल गंधारावर सुरुवात करतो, शुद्धाच्या दिशेनं सरकतो आणि तिथे पोचायच्या आत स्वर सोडून देतो. त्याच वेळी खाली गिटारनं शुद्ध गंधाराचा कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारा स्वरांचा गुच्छ, धरलेला असतो. दोन्ही गंधार एकत्र कानावर येतात, एकमेकांना घासतात, आणि ब्लूजचं दुखणं मला त्या घासण्यात ऐकू येतं. आपल्याकडे जोग रागात दोन्ही गंधार लागतात, पण त्यांच्या वाटा ठरलेल्या: चढताना शुद्ध, उतरताना कोमल. दरबारी रागाचा गंधार आंदोलन घेत कोमलाच्याही खाली राहतो. ब्लूजचा गंधार या दोघांच्या ओळखीचा वाटतो आणि तरी वेगळाच उरतो. पियानोवर तर त्याला जागाच नाही. म्हणून ब्लूज वाजवणारे पियानोवादक शेजारच्या दोन पट्ट्या जवळजवळ एकदम दाबतात, एकीवरचं बोट घसरवून दुसरीवर आणतात, आणि जो स्वर वाद्यात नाही त्याचा भास उभा करतात.

व्हायोलिनला पडदे नाहीत. तिच्याहून मोठ्या, खालच्या स्वराच्या व्हायोलाला नाहीत, त्याहून मोठ्या चेलोलाही नाहीत. दोन व्हायोलिन, एक व्हायोला आणि एक चेलो मिळून जो स्ट्रिंग क्वार्टेट होतो, त्यातलं प्रत्येक वाद्य हा मधला गंधार हवा तिथे लावू शकतं. तरीही युरोपातल्या दिवाणखान्यांत वाढलेलं हे चौघांचं संगीत आणि मिसिसिपीच्या कापसाच्या शेतांतून आलेला ब्लूज एकत्र आणायचा विषय निघाला की बोलणं लगेच खरबरीत आणि गुळगुळीत, गरीब आणि श्रीमंत या जोड्यांवर जातं. सामाजिक इतिहास म्हणून ते खरंच आहे, आणि ते विसरून चालणार नाही. पण हातानं आणि कानानं पाहिलं तर ही दोन संगीतं फार जवळ आहेत. दोन्ही लहान खोलीची. दोन्हींत समोर काठी घेऊन उभा राहणारा कंडक्टर नाही. एकानं म्हटलं की दुसऱ्यानं उत्तर द्यायचं, यावरच दोन्ही चालतात. सोलापुरात बसून बरीच वर्षं हे ऐकताना, आणि अलीकडे थोडं वाजवून बघताना, मला वाटायला लागलंय की यांना एकमेकांपासून लांब ठेवणारी गोष्ट वादकासमोरच्या स्टँडवर असते: कागद. त्या कागदाबद्दलच मला मुख्यतः लिहायचं आहे.

ब्लूज कागदावर उतरवण्याच्या जुन्या प्रयत्नांतला मला सर्वांत देखणा वाटतो तो फ्रेंच रचनाकार मॉरिस रॅव्हेलचा. व्हायोलिन आणि पियानोसाठीच्या त्याच्या दुसऱ्या व्हायोलिन सोनाटाच्या मधल्या भागाचं नावच 'ब्लूज' आहे. १९२३ ते १९२७ या काळात तो ही रचना घडवत होता, आणि १९२७ मध्ये पॅरिसमध्ये जॉर्ज एनेस्कूनं व्हायोलिनवर व स्वतः रॅव्हेलनं पियानोवर ती पहिल्यांदा वाजवली. सुरुवातीला व्हायोलिनवर गज टेकतच नाही, तारा बोटांनी छेडल्या जातात, बँजोसारख्या. मग पियानो येतो तो अर्ध्या स्वरानं वरच्या पट्टीत, आणि दोघं जणू शेजारच्या खोल्यांतून बोलत राहतात. पुढे गज येतो, लांब मींड येते. हा भाग मी पुन्हा पुन्हा ऐकतो. पण कोणीही वाजवला तरी मींड तिथेच सुरू होते आणि तिथेच थांबते, कारण ती लिहिलेली आहे. ब्लूजमध्ये एकच ओळ दोनदा म्हणतात, आणि दुसऱ्यांदा म्हटलेली ओळ पहिल्यासारखी कधीच नसते.

ज्यांनी ब्लूज फारसा ऐकलेला नाही त्यांच्यासाठी त्याची बांधणी सांगतो. चार मात्रांचा एक बार, असे बारा बार, म्हणजे अठ्ठेचाळीस मात्रांचं एक आवर्तन. पहिल्या चार बारांत एक ओळ, पुढच्या चारांत तीच ओळ, शेवटच्या चारांत तिचं उत्तर. खाली आधी षड्जाचा कॉर्ड असतो, पाचव्या बारला मध्यमाचा, नवव्याला पंचमाचा, मग पुन्हा घरी. शेवटच्या दोन बारांत जो 'टर्नअराउंड' येतो तो आपल्या मुखड्याचंच काम करतो. समेवर आणून सोडतो. पण गायक आपली ओळ चार बार भरून म्हणत नाही. दोन-अडीच बारांत तो मोकळा होतो आणि उरलेल्या जागेत गिटार किंवा माउथऑर्गन त्याला उत्तर देतो. ही उरलेली जागा मला ब्लूजमध्ये सर्वांत मोलाची वाटते. तिथे कोण बोलणार, किती बोलणार, हे आधी कुणालाच ठाऊक नसतं.

आणि बारा बार म्हणजे बाराच असंही नाही. जॉन ली हुकर किंवा लाइटनिन हॉपकिन्स हे ब्लूज गायक एकटे वाजवायला बसले की आवर्तन कधी साडेअकराचं व्हायचं, कधी तेराचं. ओळ संपेल तेव्हा कॉर्ड बदलायचा, मोजून नाही. आपल्याकडे तबलजी ठेका धरून बसलेला असतो आणि गायक त्याच्यावर खेळतो. इथे आवर्तनच गायकाच्या श्वासाबरोबर लांबतं आणि आखडतं. क्वार्टेटमधले चार जण कागदावरचे बार मोजत बसले तर अशा माणसाबरोबर त्यांची दुसऱ्याच फेऱ्यात फारकत होणार.

यावर सोपा उपाय म्हणजे चौघांना मागे बसवायचं. लांब लांब स्वर धरायला लावायचे, पुढे गिटारवाल्यानं नेहमीसारखा ब्लूज वाजवायचा आणि मागून तारांची मऊ साय पसरायची. असं पुष्कळ ऐकायला मिळतं, आणि ऐकून मला वाईट वाटतं. चार माणसांनी आयुष्याची वीस वर्षं हात घडवण्यात घालवायची आणि त्यांना काम काय, तर गादी अंथरायचं. त्यात ब्लूजला उत्तर मिळत नाही आणि क्वार्टेटला प्रश्न.

दुसरी वाट शोधली ती शिकागोच्या कॉर्की सिगेल यांनी. १९६६ मध्ये त्यांचा सिगेल-श्वॉल बँड शिकागोच्या बिग जॉन्स नावाच्या क्लबात वाजवायचा. तिथे श्रोत्यांत कंडक्टर सेइजी ओझावा येऊन बसले. ओझावा तेव्हा शिकागोजवळच्या रॅव्हिनिया महोत्सवाचे संगीत दिग्दर्शक होते. या बँडनं आपल्या ऑर्केस्ट्राबरोबर वाजवावं ही कल्पना त्यांच्या डोक्यात आली. त्यातून विल्यम रूसो यांची ब्लूज बँड आणि सिम्फनी ऑर्केस्ट्रा यांच्यासाठीची तीन भागांची रचना लोकांसमोर आली, आणि पुढे सॅन फ्रान्सिस्को सिम्फनीबरोबर तिचं ध्वनिमुद्रण झालं. ते भव्य आहे, पण माझं मन त्यात फार रमत नाही. शंभर माणसांना एका माणसाच्या श्वासावर चालवणं अवघडच. सिगेल यांना स्वतःला काय वाटलं ते मी सांगू शकत नाही, पण पुढे ते लहान खोलीकडे वळले. त्यांच्या 'चेंबर ब्लूज'चा अल्बम १९९४ मध्ये आला. त्यात स्ट्रिंग क्वार्टेट आहे, सिगेल यांचा माउथऑर्गन आणि पियानो आहे, आणि यांच्या मधोमध चक्क तबला आहे.

हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा तबला तिथे रंगापुरता असेल असं मला वाटलं होतं. तसा तो नाही. ड्रमसेट आला की तारांचा आवाज बुडतो, मग तारांना माइक लागतात, आणि माइक आले की खोली संपते. तबला चार तारवाद्यांच्या आवाजाच्या मापाचा आहे. डग्ग्यावर हाताच्या दाबानं स्वर वरखाली होतो, तोही मधल्या स्वरांतून फिरतो. सिगेल यांनी क्वार्टेटला ब्लूज वाजवायला लावलेलं नाही. ते आपल्या पद्धतीनं, एकमेकांत गुंफलेल्या स्वरावली वाजवत येतात, माउथऑर्गन आपल्या पद्धतीनं त्यांना छेद देतो, आणि दोन्ही रंग शेवटपर्यंत वेगळे दिसतात. माझ्या आवडीपेक्षा ते थोडं जास्तच नीटनेटकं आहे. पण माउथऑर्गन आणि पहिलं व्हायोलिन समोरासमोर येतात तेव्हा, दोघांनाही एकमेकांचं ऐकावंच लागतं.

माउथऑर्गनबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण आपल्याकडे त्याला खेळण्यात जमा करतात. तो आणि पेटी हे एकाच घरातले. दोन्हींत धातूची पात हवेनं थरथरते. पेटीत स्वर वाकत नाही. मींड आणि श्रुती येत नाहीत म्हणून आकाशवाणीनं १९४० ते १९७१ अशी तीन दशकं पेटीवर बंदी घातली होती. माउथऑर्गनवर मात्र भात्याच्या जागी माणसाचं तोंड असतं. जीभ मागे घेतली, तोंडाची पोकळी बदलली की स्वर खाली वाकतो. ब्लूजवाले तो सरळ वाजवतही नाहीत. पांढरी एकचा माउथऑर्गन घेतात आणि षड्ज धरतात पांढरी पाच. त्यामुळे आपोआप खमाज थाट मिळतो, कोमल निषादासकट. आणि षड्ज, गंधार, पंचम, निषाद हे सगळे महत्त्वाचे स्वर हवा आत ओढून वाजवायच्या जागी येतात, जिथे ते वाकवता येतात. तिसऱ्या भोकावर शुद्ध गंधार असतो. तिथून कोमलापर्यंत उतरताना मधे कुठेही थांबायची मुभा आहे.

आमच्याकडे हे वाजवणारा मुलगा इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. आठवड्यातून एका संध्याकाळी आम्ही अशोक चौकाच्या पलीकडे, पूर्व भागात, अण्णांच्या माडीवर जमतो. अण्णांनी जन्मभर यंत्रमाग चालवला. घरात तेलुगू, कारखान्यात मराठी, सासुरवाडीला कन्नड. व्हायोलिन ते लहानपणी कर्नाटक पद्धतीनं शिकले: मांडी घालून बसायचं, वाद्याचं डोकं उजव्या घोट्यावर टेकवायचं, बूड छातीशी. वाद्य असं दोन्हीकडून टेकलेलं असलं की डाव्या हाताला ते धरावं लागत नाही, तो तारेवर मोकळा वरखाली सरकतो. पाश्चात्त्य पद्धतीत उभं राहून हनुवटीखाली व्हायोलिन धरणाऱ्याला इतकी लांब घसरण जपूनच घ्यावी लागते. ब्लूजचे रचनाकार डब्ल्यू. सी. हँडी यांनी १९०३ च्या सुमारास मिसिसिपीतल्या टटवायलर स्टेशनवर एका माणसाला गिटारच्या तारांवर सुरी फिरवून गाताना ऐकलं, आणि पुढे आत्मचरित्रात ते लिहून ठेवलं. त्या सुरीचं काम अण्णांची बोटं करतात. त्यांना अमेरिकेतल्या कुणाचं नाव माहीत नाही. पण बाटलीच्या काचेनं वाजवलेल्या गिटारचं मुद्रण पहिल्यांदा ऐकवल्यावर त्यांनी लगेच व्हायोलिन उचललं आणि तीच घसरण काढून दाखवली.

दुसरं व्हायोलिन त्यांच्या नातीचं. ती पाश्चात्त्य संगीताच्या ग्रेडच्या परीक्षा देत, स्टँडवर कागद लावून शिकली. तिचा स्वर लखलखीत आणि नेमका लागतो. माउथऑर्गनवाल्यावर अण्णा चिडतात, "काय बे, कोमल म्हणतोस अन् शुद्धाकडं पळतोस, नेमकं धरायचं काय आम्ही?" तेव्हा नात मोबाइलवर मुद्रण निम्म्या वेगानं लावते आणि म्हणते, "ताता, तो दरवेळी खालनं येतोय, बघा. आणि दुसऱ्या ओळीला जास्त खालनं." मग ती कागदावर त्या स्वराच्या डोक्यावर खाली रोखलेला बाण काढते. आजचे पाश्चात्त्य रचनाकार पाव स्वरांसाठी असे बाण आणि अर्ध्या शार्पच्या खुणा सर्रास वापरतात, हे तिला माहीत होतं. कागदाविषयीचं माझं मत तिच्यामुळे बरंच बदललं. मधला गंधार कागदावर बसतो. लिहायची तयारी पाहिजे.

ला माँट यंग या अमेरिकन रचनाकाराची आठवण इथे येते. त्यांना ब्लूजही प्रिय आणि पंडित प्राणनाथही गुरू. प्राणनाथ किराणा घराण्याचे, उस्ताद अब्दुल वहीद खाँ यांचे शिष्य. १९७० पासून यंग त्यांच्याकडे शिकले. पुढे ब्लूजसाठीच त्यांनी एक बँड काढला तेव्हा त्यातली कीबोर्डं नैसर्गिक श्रुतींत लावून घेतली. तारेचा सातवा उपस्वर, म्हणजे मूळ स्वराच्या सातपट कंपनांचा, धरला तर निषाद पियानोच्या कोमल निषादापेक्षा जवळपास ३१ सेंट खाली येतो; शेजारच्या दोन पट्ट्यांतलं अंतर १०० सेंट धरलं तर हा फरक कुणालाही ऐकू यावा. हा निषाद अण्णांना ऐकवला तर ते म्हणतात, "हा बरोबर हाय की. पेटीचाच चुकतो." दोन टोकांहून निघालेली माणसं एका स्वराशी येऊन भेटतात, याचा मला फार आनंद होतो.

भजनी मंडळात वाजवणारे बुवा तबल्यावर असतात. शफल, म्हणजे ब्लूजची ती डुलती चाल, त्यांना समजावून सांगावी लागली नाही. प्रत्येक मात्रेचे तीन भाग आणि मधला गाळलेला, हे दोन फेरे ऐकल्यावर त्यांनी दादऱ्याच्या अंगानं धरलं. त्रास होतो तो भिंतीपलीकडच्या मागांचा. धोटा इकडून तिकडे जातो तो दोनच्या हिशेबानं, सरळ, आणि तो ठोका तासन्‌तास कानात राहिला की तीनची चाल नकळत दोनची होते. बुवा तेवढ्यापुरता डग्गा जोरात घेतात.

जात्यावरची ओवी म्हणजेच आपला ब्लूज, असं कुणी म्हटलं की मी जरा थांबतो. साम्य आहे. हेमा राइरकर आणि गी पॉइतवँ यांनी महाराष्ट्रभर फिरून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. त्यात एकीची ओळ दुसरीच्या तोंडी जाते, तिथे नवं दुःख जोडून घेते, अगदी ब्लूजच्या ओळी फिरतात तशी. काम करता करता गाणं, दगडाच्या फेऱ्यानं ठरणारी लय, हेही आहे. पण ब्लूजच्या मागे गुलामगिरी आहे, आणि ती संपल्यावरही दुसऱ्याच्या जमिनीवर कर्जात अडकवणारी शेती आहे, वर्णभेदाचे कायदे आहेत. ते ओझं ओवीवर टाकलं तर दोन्हींवर अन्याय होतो. इतिहासाचं नातंच शोधायचं तर मला आंबेडकरी जलसे अधिक जवळचे वाटतात, आणि १९७२ मध्ये अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून नाव घेऊन उभी राहिलेली दलित पँथर. त्या गाण्यांना क्वार्टेट कुणी अजून जोडलेला माझ्या ऐकण्यात नाही. जोडावा, आणि पुन्हा गादी अंथरू नये.

१९७७ मध्ये व्हॉयेजर अंतराळयानांबरोबर जी सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी पाठवली, तिच्यावरचे शेवटचे तीन तुकडे मी ओळीनं ऐकतो. आधी केसरबाई केरकरांची भैरवी. मग ब्लाइंड विली जॉन्सन यांचं १९२७ मधलं मुद्रण: गिटारच्या तारांवर घसरणारा स्वर आणि त्याच्या मागोमाग शब्दांविना गुणगुणणं. ते भक्तीचं गाणं आहे, पण हात ब्लूजचाच. आणि शेवटी बुडापेस्ट क्वार्टेटनं वाजवलेली बेथोव्हेनच्या ओपस १३० या क्वार्टेटमधली कॅव्हाटिना, म्हणजे गाण्यासारखा एक संथ भाग. व्हॉयेजर-१ ५ सप्टेंबरला निघालं, केसरबाई १६ सप्टेंबरला गेल्या. जॉन्सन त्याआधी कितीतरी वर्षं, १९४५ मध्ये, टेक्सासात गरिबीत वारले होते.

त्या कॅव्हाटिनाच्या मध्यावर एक जागा येते. खाली तिघं जण तीन-तीनच्या गटांत एकसारखी नाडी चालवत असतात आणि वर पहिलं व्हायोलिन तुटक तुटक, मागे पडत, त्या नाडीत न बसता बोलू लागतं. ते गुदमरल्यासारखं वाजवा, असं बेथोव्हेननं तिथे लिहून ठेवलंय. साल १८२५. खाली तीनची चाल, वर तिच्यात न मावणारा एक आवाज: जॉन्सन यांच्या गुणगुणण्यानंतर लगेच हे ऐकलं की मधली शंभर वर्षं आणि अख्खा समुद्र असूनही अंतर जाणवत नाही. आणि हे सगळं कागदावर लिहिलेलं आहे. लिहिलेलं असूनही प्रत्येक क्वार्टेट ती जागा वेगळी वाजवतो, कारण तिथे मात्रा मोजून भागत नाही. पहिला व्हायोलिनवादक कधी बोलेल याकडे तिघांना डोळे लावून बसावं लागतं.

क्रोनॉस क्वार्टेटनं जॉन्सन यांचं तेच गाणं चार तारवाद्यांवर वाजवलंय. २००९ च्या एका संग्रहात ते आहे. आमच्या माडीवर त्याचा अभ्यास चालू आहे. अडचण अशी की आमच्याकडे दोनच व्हायोलिन. व्हायोलाची जागा अण्णांनी तारा खाली उतरवून काढली. कर्नाटक पद्धतीत गायकाच्या पट्टीप्रमाणे वाद्य खाली घ्यायची सवय असल्यानं त्यांना ते जड गेलं नाही. तेव्हा दुसरं व्हायोलिन कमी पडलं, ते सध्या माउथऑर्गनवर भागवतो. चेलो मात्र सोलापुरात आम्हाला सापडला नाही. पुण्याहून एक चेलोवादक मुलगी दिवाळीच्या सुटीत यायला तयार झाली आहे, आणि तिच्यासमोर काय ठेवायचं यावर आमचं एकमत नाही. अण्णांचं म्हणणं, काहीच ठेवू नका, बसवा आणि ऐकवा. नात म्हणते, बाणांसकट सगळं लिहून देऊ, तिला घरून तयारी करून येता येईल. बुवांना बारांची संख्या तेवढी पक्की हवी आहे. मी सुचवलंय की पहिले आठ बार पूर्ण लिहावेत आणि शेवटच्या चारांत फक्त कॉर्डची नावं द्यावीत, मधली जागा कोरी. नात त्याच्यावर कच्चा मसुदा करतेय. नवव्या बारला वर बाण काढायचा की नाही, ते तिनं अजून ठरवलेलं नाही.